वाचकांचे प्रश्न : रेषेची दिशा आणि कोपऱ्यांची दुरुस्ती

या अंकासाठी निवडलेले प्रश्न निरनिराळ्या क्षेत्रांतल्या वाचकांनी पाठवले आहेत. तरीही बहुतेक प्रश्नांचे मूळ एकाच ठिकाणी सापडते. कागदावर काढलेल्या रेषेला दोन टोके असतात आणि ती दोन्ही सारखीच असतात. कॅडमधील, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग करण्याच्या प्रणालीतील, रेषेला मात्र एक आरंभबिंदू आणि एक अंत्यबिंदू असतो, म्हणजेच तिला दिशा असते. ही दिशा पडद्यावर दिसत नसल्यामुळे आपण ती विसरतो, आणि ड्रॉइंगमध्ये काही विपरीत घडले की दोष आज्ञेला देतो. उत्तरांत आज्ञांची नावे ऑटोकॅड या कॅड-प्रणालीतली दिली आहेत. अन्य प्रणालींमध्ये नावे थोडी बदलतील, भूमिती तीच राहील.

प्रश्न : मी वाहिन्यांच्या जाळ्याची ड्रॉइंग तयार करते. वायुवाहिनीसाठी मध्ये अक्षरे येणारा लाइनटाइप (रेषेचा नमुना) वापरला, की काही रेषांवर अक्षरे सरळ उमटतात आणि काहींवर उलटी. उलट्या रेषा पुसून मी पुन्हा काढते, पण त्यात फार वेळ जातो. सोपा मार्ग आहे का?

उत्तर : रेषा पुसण्याची काहीही गरज नाही. लाइनटाइपमधील अक्षरे रेषेच्या आरंभापासून अंताकडे वाचली जातील अशी मांडलेली असतात. आपण रेषा डावीकडून उजवीकडे काढली असेल तर अक्षरे सरळ दिसतात आणि उजवीकडून डावीकडे काढली असेल तर ती डोक्यावर उभी राहतात. अशा रेषा निवडून रिव्हर्स ही आज्ञा दिली, की आरंभ आणि अंत यांची अदलाबदल होते आणि रेषा जागची न हलता अक्षरे सरळ होतात. ही आज्ञा साध्या रेषा, पॉलीलाइन (अनेक तुकड्यांची एकसंध रेषा) आणि स्प्लाइन (मुक्त वक्ररेषा) यांवर चालते. पॉलीलाइनसाठी हीच सोय पी-एडिट या पॉलीलाइन-संपादनाच्या आज्ञेतही आहे.

याहून मुळाशी जाणारा उपाय लाइनटाइपच्या व्याख्येत आहे. व्याख्येतील अक्षरांचा कोन ‘आर’ या खुणेने दिला असेल, तर तो रेषेच्या दिशेशी बांधलेला असतो. त्याऐवजी ‘यू’ ही खूण वापरली, तर रेषा कोणत्याही दिशेने काढलेली असली तरी अक्षरे वाचता येतील अशीच ठेवली जातात. मात्र ड्रॉइंगमध्ये एकदा दाखल झालेल्या लाइनटाइपची प्रत त्या ड्रॉइंगमध्येच साठवलेली असते. त्यामुळे व्याख्येची फाइल बदलल्यावर लाइनटाइप पुन्हा लोड करावा लागतो, अन्यथा जुनीच अक्षरे जुन्याच पद्धतीने दिसत राहतात आणि केलेला बदल वाया गेला असे वाटते.

येथे एक सावधगिरी सांगतो. ज्या लाइनटाइपमध्ये चिन्हे रेषेच्या एकाच बाजूला असतात, उदाहरणार्थ भरावाचा उतार दाखवणारे छोटे दाते, तेथे ‘यू’ या खुणेचा उपयोग नाही, कारण दाते कोणत्या बाजूला आहेत यालाच तेथे अर्थ असतो. भरावाच्या कडेची रेषा उलटी काढली गेली, तर दाते चुकीच्या अंगाला येतात आणि वाचणाऱ्याला उताराऐवजी चढ दिसतो. तेथे रिव्हर्स हाच योग्य उपाय आहे.

आपल्या पत्राच्या शेवटी आणखी एक तक्रार आहे : वळणावळणाच्या पॉलीलाइनवर अक्षरे मुळीच दिसत नाहीत आणि रेषा अखंड उमटते. याचे कारण वेगळे आहे. पॉलीलाइनमध्ये लाइनटाइपचा नमुना प्रत्येक शिरोबिंदूपासून नव्याने सुरू होतो. दोन शिरोबिंदूंमधील तुकडा नमुन्याच्या एका आवर्तनापेक्षा लहान असेल, तर नमुना तेथे मावत नाही आणि अखंड रेषा काढली जाते. त्या पॉलीलाइनच्या गुणधर्मांत लाइनटाइप जनरेशन चालू केले, म्हणजे नमुना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाहतो. नव्या पॉलीलाइनसाठी पी-लाइन-जेन या चलाचे (प्रणालीतील सेटिंगचे) मूल्य १ ठेवावे.

प्रश्न : मी चार बाजूंची एक आकृती पॉलीलाइनने काढली आणि फिलेट या कोपरे गोल करणाऱ्या आज्ञेतील पॉलीलाइन हा पर्याय वापरून सर्व कोपरे एकाच वेळी गोल करायचे ठरवले. तीन कोपरे गोल झाले, चौथा तसाच टोकदार राहिला. त्रिज्या एकच होती आणि बाजूही पुरेशा लांब होत्या.

उत्तर : आपली आकृती बंद दिसते, पण ती बंद नाही. चौथी बाजू काढताना आपण आरंभबिंदूवर ऑब्जेक्ट स्नॅपने (नेमका बिंदू पकडण्याच्या सोयीने) अचूक टिचकी मारली असणार. त्यामुळे शेवटचा शिरोबिंदू पहिल्यावर जाऊन बसला, परंतु पॉलीलाइनच्या दृष्टीने ते पाच शिरोबिंदू असलेली आणि दोन मोकळी टोके असलेली रेषाच राहिली. जेथे दोन टोके केवळ एकमेकांवर ठेवलेली असतात तेथे फिलेटला कोपरा दिसत नाही, कारण कोपरा म्हणजे एकापाठोपाठ येणारे दोन तुकडे, आणि येथे शेवटच्या तुकड्यापुढे काहीच येत नाही.

आकृती निवडून गुणधर्मांच्या चौकटीत पाहिले, तर क्लोज्ड या नोंदीसमोर ‘नो’ दिसेल. तेथेच ते ‘येस’ करता येते. मात्र आधी एक गोष्ट तपासावी. पाचवा शिरोबिंदू पहिल्यावर अचूक बसलेला नसेल, तर बंद करताना त्या दोघांमध्ये केसाएवढा एक नवा तुकडा तयार होतो, आणि मग फिलेटची आज्ञा तो तुकडा फारच लहान असल्याचे सांगते. कोपऱ्यावर पुष्कळ झूम करून पाहिल्यास जेथे एकच निळी ग्रिप (शिरोबिंदूची चौकोनी खूण) असायला हवी तेथे शेजारी-शेजारी दोन दिसतात. अशा वेळी पॉलीलाइन पर्याय सोडावा, फिलेटची आज्ञा साधी घ्यावी आणि त्या सूक्ष्म तुकड्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या बाजू निवडाव्यात. निवडलेल्या दोन बाजूंमध्ये एकच तुकडा असेल, तर ऑटोकॅड तो काढून टाकते आणि त्याच्या जागी गोलाई बसवते.

काम करताना पॉलीलाइनची शेवटची बाजू टिचकीने पूर्ण न करता क्लोज हा पर्याय देऊन पूर्ण करण्याची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवतो. आकृतीत हॅचचा नमुना भरणे, क्षेत्रफळ काढणे, घनाकृती उचलणे या सर्व पुढच्या पायऱ्या त्या एका सवयीमुळे सुरळीत होतात.

प्रश्न : एकमेकांना न भिडणाऱ्या किंवा एकमेकांना ओलांडून जाणाऱ्या दोन रेषांचा नेमका कोपरा करण्यासाठी मी ट्रिम (छाटणे) आणि एक्स्टेंड (वाढवणे) या दोन्ही आज्ञा वापरतो. हे एका पायरीत होईल का?

उत्तर : होईल. फिलेटची त्रिज्या शून्य ठेवली, की ती आज्ञा कमी पडणारी रेषा वाढवते, जास्त झालेली छाटते आणि टोकदार कोपरा करते. त्रिज्या बदलण्याचेही कारण नाही. दुसरी रेषा निवडताना शिफ्ट कळ दाबून धरावी, म्हणजे तेवढ्यापुरती त्रिज्या शून्य धरली जाते. रेषा ओलांडून गेल्या असतील तेव्हा जो भाग ठेवायचा आहे त्या भागावर टिचकी मारावी. ट्रिममध्ये आपण टाकायचा भाग निवडतो, येथे राखायचा. हा फरक हाताला बसेपर्यंत चुका होतात.

प्रश्न : लहान पट्टीचे कोपरे गोल करताना मोठी त्रिज्या दिली, की आज्ञा नाकारली जाते. किती त्रिज्या चालेल हे आधी कसे ओळखावे? दर वेळी अंदाजाने आकडे देऊन पाहणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर : आपल्याला अंदाज नको आहे हे वाचून समाधान वाटले, कारण येथे गणित अगदी सरळ आहे. गोलाई कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना जेथे स्पर्श करते, तो स्पर्शबिंदू मूळ कोपऱ्यापासून किती दूर आहे यावर सर्व काही अवलंबून असते. आतील कोनाचा अर्धा भाग घ्यावा, त्याचे टॅन मूल्य काढावे आणि त्रिज्येला त्या मूल्याने भागावे. मिळालेले अंतर म्हणजे त्या कोपऱ्याने प्रत्येक बाजूचा खाल्लेला भाग.

कोन ९० अंशांचा असेल तर हे अंतर त्रिज्येइतकेच असते. ६० अंशांच्या कोपऱ्यात ते त्रिज्येच्या १.७३२ पट होते, ३० अंशांत ३.७३२ पट होते, आणि १२० अंशांच्या विशाल कोनात केवळ ०.५७७ पट राहते. कोपरा जितका निमुळता, तितकी तीच त्रिज्या बाजूचा अधिक भाग गिळते. पडद्यावर आकृती पाहून हे लक्षात येत नाही, म्हणून अंदाज फसतो.

आता आपली पट्टी घेऊ. तिची आखूड बाजू ४० मिलिमीटर आहे आणि तिच्या दोन्ही टोकांना काटकोन आहेत. आपण २५ मिलिमीटरची त्रिज्या मागितली. प्रत्येक कोपऱ्याला २५ मिलिमीटर लागणार, म्हणजे एकूण ५० मिलिमीटर, आणि बाजू तर ४० मिलिमीटरचीच आहे. म्हणून येथे २० मिलिमीटर ही सीमा आहे, आणि त्या सीमेवर आखूड बाजूचा सरळ भाग पूर्णपणे संपून तिच्या जागी अर्धवर्तुळ उरते. १०० मिलिमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणात प्रत्येक कोपऱ्याला बाजूचा जास्तीत जास्त अर्धा भाग, म्हणजे ५० मिलिमीटर, मिळतो. त्याला १.७३२ने भागल्यावर सुमारे २८.८७ मिलिमीटर येतात. ही त्या त्रिकोणातील अंतर्वर्तुळाचीच त्रिज्या आहे. तीनही कोपरे पूर्ण गोल केले, तर त्रिकोण नाहीसा होऊन वर्तुळ हाती येते, ही गोष्ट मला आजही सुंदर वाटते.

पॉलीलाइन पर्याय वापरल्यावर आज्ञेच्या ओळीत किती रेषांना गोलाई मिळाली आणि किती रेषा आखूड पडल्या, याची संख्या दिलेली असते. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. दहा-बारा कोपऱ्यांच्या आकृतीत एखादा टोकदार राहून गेलेला कोपरा डोळ्यांना सहज चुकवतो.

प्रश्न : आकृतीला बाहेरून समांतर रेषा दिली, की काही ठिकाणी कोपरा लांबच लांब टोकासारखा बाहेर येतो. हे टाळता येते का?

उत्तर : समांतर रेषा देणाऱ्या ऑफसेट या आज्ञेचे ऑफसेट-गॅप-टाइप हे चल पाहावे. त्याचे मूल्य ० असेल तर बाहेरील बाजू वाढवून टोकदार कोपरा केला जातो, १ असेल तर तेथे कमान बसते, २ असेल तर कोपरा तिरपा छाटला जातो. टोकदार पर्यायात नवा कोपरा जुन्यापासून किती दूर जातो, ते ऑफसेटच्या अंतराला अर्ध्या कोनाच्या साइन मूल्याने भागून मिळते. काटकोनात ते १.४१४ पट असते, पण ३० अंशांच्या कोपऱ्यात ३.८६४ पट होते. आपण पाहिलेले लांब टोक ते हेच.

आधीच गोल केलेल्या कोपऱ्याला ऑफसेट दिल्यास बाहेरील त्रिज्या तेवढ्या अंतराने वाढते आणि आतील तेवढ्याने घटते. आतील अंतर मूळ त्रिज्येइतके किंवा अधिक असेल, तर आत कमान उरत नाही. म्हणून जाडी असलेल्या वस्तूची वळणे काढताना प्रथम आतील कड गोल करावी आणि बाहेरील कड ऑफसेटने मिळवावी. दोन्ही कडा वेगवेगळ्या फिलेट करून एकच त्रिज्या दिली, तर वळणावर जाडी बदलते. ही चूक मी तपासलेल्या ड्रॉइंगमध्ये वारंवार दिसते.

प्रश्न : उजव्या भागाचे ड्रॉइंग मिरर (आरशातल्यासारखे उलटे) करून मी डावा भाग तयार केला. मापे तंतोतंत जुळत होती. संगणक-नियंत्रित कापणी यंत्रावर मात्र उजवा भाग बरोबर निघाला आणि डावा लहान. ड्रॉइंगमध्ये चूक सापडत नाही.

उत्तर : ड्रॉइंगच्या मापांत चूक नाहीच. ती दिशेत आहे. मिरर केल्यावर बिंदूंचा क्रम तोच राहतो, पण आकृतीभोवती फिरण्याचा अर्थ पालटतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणारी बाह्यरेषा काट्यांच्या विरुद्ध जाऊ लागते. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात.

यंत्राला हत्याराची बाजू सांगणारे संकेत या दिशेवरच उभे आहेत. जी४१ म्हणजे जाण्याच्या दिशेकडे तोंड करून पाहिले असता हत्यार मार्गाच्या डावीकडे, आणि जी४२ म्हणजे उजवीकडे. बाह्यरेषा काट्यांच्या दिशेने जात असेल, तर डावी बाजू म्हणजे भागाच्या बाहेरची बाजू, आणि जी४१ योग्य ठरतो. मिररनंतर दिशा पालटली, संकेत तोच राहिला, आणि ‘डावी बाजू’ भागाच्या आत गेली. हत्याराचा व्यास १० मिलिमीटर धरू. त्याचा मध्य रेषेच्या ५ मिलिमीटर बाहेर चालण्याऐवजी ५ मिलिमीटर आत चालतो आणि त्याची धार रेषेपासून १० मिलिमीटर आतपर्यंत पोहोचते. दोन समोरासमोरच्या कडा मिळून भाग २० मिलिमीटरने लहान होतो. आपल्या भागात आलेली तूट हत्याराच्या व्यासाच्या दुप्पट आहे का, हे मोजून पाहावे. तसे असेल तर शंकेला जागा उरत नाही.

काही प्रणाली हत्याराची बाजू स्वतःच ठरवतात. तेथे माप चुकत नाही, परंतु कापण्याची रीत बदलते. काट्यांच्या दिशेने फिरणारे हत्यार बाह्यरेषेवर काट्यांच्या दिशेने नेले, तर ते क्लाइंब पद्धतीने, म्हणजे धारेची दिशा भागाच्या सापेक्ष सरकण्याच्या दिशेशी जुळवून, कापते, आणि उलट नेले तर पारंपरिक पद्धतीने. कडेचा गुळगुळीतपणा त्यानुसार बदलतो. आतील खाचेसाठी हे सारे उलटे होते : तेथे क्लाइंब पद्धतीसाठी काट्यांच्या विरुद्ध दिशेने जावे लागते. म्हणून बाह्यरेषा आणि आतील पोकळ्या परस्परविरुद्ध दिशांनी ठेवण्याचा नियम पाळावा.

उपाय सोपा आहे. मिररनंतर सर्व बंद पॉलीलाइन रिव्हर्स कराव्यात आणि दिशा तपासावी. पी-एडिटमध्ये शिरोबिंदू संपादन निवडले, की पहिल्या शिरोबिंदूवर फुलीची खूण येते, आणि नेक्स्ट देत गेल्यावर ती ज्या बाजूने सरकते तीच पॉलीलाइनची दिशा. पुष्कळ आकृत्या असतील तर गणिताने तपासणी होते. प्रत्येक बिंदूचा क्ष पुढच्या बिंदूच्या य ने गुणावा, त्यातून पुढच्या बिंदूचा क्ष गुणिले या बिंदूचा य वजा करावा, सर्व फरकांची बेरीज करावी आणि तिचे निम्मे करावे. (०,०), (४०,०), (४०,३०), (०,३०) या क्रमाने उत्तर अधिक १२०० येते. अधिक चिन्ह म्हणजे काट्यांच्या विरुद्ध, वजा म्हणजे काट्यांच्या दिशेने. एरिया ही आज्ञा मात्र नेहमी धन आकडाच दाखवते, त्यामुळे तिच्यावरून दिशा कळत नाही.

सुट्या कमानींबाबतही जपावे. ऑटोकॅडमध्ये सुटी कमान नेहमी काट्यांच्या विरुद्ध दिशेनेच नोंदवली जाते आणि रिव्हर्स तिच्यावर चालत नाही. ती पॉलीलाइनमध्ये जोडली, की तिचा बाक एका आकड्याने नोंदवला जातो : कमानीच्या कोनाच्या चौथ्या भागाचे टॅन मूल्य. पाव वर्तुळाला ०.४१४२ आणि अर्ध्या वर्तुळाला १ येतो. काट्यांच्या दिशेने वळणाऱ्या कमानीचा हा आकडा ऋण असतो. डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या देवाणघेवाणीच्या) फाइलमध्ये तो ४२ या संकेताखाली वाचता येतो. यंत्राकडे जाणारी प्रत्येक बाह्यरेषा म्हणूनच आधी जोडून एकसंध करावी आणि मगच तिची दिशा ठरवावी.

जाता जाता आपल्या ड्रॉइंगमधील आणखी एक गोष्ट : आतील खाचेचे कोपरे टोकदार दाखवले आहेत. १० मिलिमीटर व्यासाचे हत्यार ५ मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचा आतील कोपरा करू शकत नाही. तेथे ६ मिलिमीटरची फिलेट दिली, तर हत्यार कोपऱ्यात अडकून न थांबता वळत पुढे जाईल.

प्रश्न : रेव्हिट या इमारतींच्या आराखड्याच्या प्रणालीत भिंती काढल्या, की काही भिंतींचा बाहेरचा थर आत येतो. प्रत्येक भिंत पालटावी लागते.

उत्तर : भिंत ज्या दिशेने काढली जाते तिच्या डाव्या हाताला बाहेरचा पृष्ठभाग येतो. खोलीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने भिंती काढल्या, तर सर्व बाह्यथर बाहेरच राहतात. चुकलेली भिंत निवडून स्पेसबार दाबल्यास ती पालटते. लोकेशन लाइन (जिच्या आधाराने भिंत काढली जाते ती रेषा) मध्यरेषेवर नसेल, तर पालटताना भिंतीची जाडी त्या रेषेच्या दुसऱ्या अंगाला सरकते, म्हणून त्यानंतर खोलीचे माप पुन्हा घ्यावे.

प्रश्न : चॅम्फर या कोपरा तिरपा छाटणाऱ्या आज्ञेला ३० आणि १० अशी दोन वेगळी अंतरे देऊन आयताचे चारही कोपरे एकाच वेळी छाटले. मला दोन्ही अंगांनी सारखी, आरशातल्यासारखी आकृती हवी होती. मिळालेली आकृती भिरभिऱ्यासारखी दिसते.

उत्तर : एकेक कोपरा छाटताना पहिले अंतर आपण प्रथम निवडलेल्या रेषेला लागते. पॉलीलाइन पर्यायात मात्र आपण रेषा निवडतच नाही, त्यामुळे हा क्रम पॉलीलाइनच्या दिशेवरून ठरतो. प्रत्येक कोपऱ्यात येणाऱ्या बाजूवर ३० आणि पुढे जाणाऱ्या बाजूवर १० असे माप पडते. आयताभोवती फिरताना ही मांडणी प्रत्येक कोपऱ्याबरोबर वळत जाते, म्हणून भिरभिऱ्याचा आकार येतो. पॉलीलाइन आधी रिव्हर्स करून पाहिल्यास भिरभिरे उलट्या बाजूने फिरेल, पण दोन्ही अंगे सारखी होणार नाहीत. आपल्या आकृतीसाठी कोपरे एकेक करून छाटावेत, आणि चारही कोपऱ्यांत प्रथम आडवीच बाजू निवडावी, म्हणजे ३० चे माप सर्वत्र आडव्या बाजूवर आणि १० चे उभ्या बाजूवर पडेल.